घरात किती?

सरकून बसा रे जरा, आणि आवाज खाली. वहिनींचा आत्ताच डोळा लागलाय. पोरगाही आत पडलाय, त्याच्यासमोर हा विषय मी काढत नाही. पण तू विचारलंस, "काका, दारावर खडूनं चारचा आकडा कशाला काढलाय? भेटायला एवढी माणसं येऊन गेली, कुणी पुसला कसा नाही?" म्हणून सांगतो. पुसत होतो बाबा. रोज पुसत होतो. कालपासून पुसत नाही. ते का, हे शेवटी. आधी नीट सगळं ऐका, नाहीतर घरी जाऊन सांगाल, म्हातारी गेल्यापासून काका चळला.

तुमच्या आया मला रेडिओ म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणू देत. मी एकटा जीव. माझ्या घरात आवाज करणारे दोघंच, एक मी आणि दुसरी दाराची बिजागरी, आणि तीही तेल घातल्यापासून गप्प. मग माणूस शेजारी कान लावणार नाही तर काय करणार? ते पलीकडचं घर माझं, हे पाथरवटाचं, मध्ये छातीएवढी भिंत. या घरात दूध उतू गेलं तर आधी मला कळायचं, मग वहिनींना.

पाथरवट म्हणजे वहिनींचे यजमान. मी त्यांना दादा म्हणायचो. ही गोष्ट त्यांची.

सुरुवात शिडीपासून आहे. गेल्या नोव्हेंबरात माझ्या छपराचा पत्रा खडखडायला लागला, म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी दादांकडे शिडी मागायला गेलो. मागच्या अंगणात त्यांचं काम चालायचं. बघतो तर दादा जमिनीवर बसलेले, छिन्नी एकीकडे, हातोडा एकीकडे, आणि समोर नव्या साहेबांचं दगडी डोकं. कलिंगड फोडावं तसं मधोमध दोन तुकडे.

"शिडी तिकडं आहे, घेऊन जा," दादा म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

"दादा, हे काय झालं?"

"खुंटीचं भोक पाडत होतो. आत शीर होती दगडाला. दिसली नाही."

आता हे डोक्याचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही चौकातल्या पुतळ्याला बिनडोक्या म्हणता आणि त्याच्या पायाशी बसून मोबाइल बघता. पण ते अंग दादांच्या आजोबांनी घडवलेलं, एका अखंड दगडातून. तेव्हा गावावर सरकारांचा अंमल होता. सगळी जमीन त्यांची, नदीचं पाणीही त्यांचंच. त्यांचा पुतळा, पोट सुटलेला, एक हात कमरेवर, दुसरा पुढे. मग सरकार गेले आणि कप्तान आला. नगरपालिका म्हणाली, अख्खा पुतळा कशाला बदलायचा, अंग चांगलं धडधाकट आहे, डोकं तेवढं नवं करा. मानेत लोखंडी खुंटी बसवली, खुंटीवर कप्तानाचं टोपीवालं डोकं. कप्तान गेला, चष्मेवाले आले. त्यांचं डोकं सिमेंटचं, कारण तेव्हा काटकसरीचे दिवस होते. अंग तेच. सरकारांचा पुढे केलेला हात दान देणारा, असं आमच्या आजीला शाळेत शिकवलं. तोच हात हुकूम देणारा, असं मला शिकवलं. आणि तोच हात आशीर्वादाचा, असं तुमच्या आयांना शिकवलं. माझे वडील म्हणायचे, तो बिचारा पाऊस आला का बघतोय. पोट मात्र सगळ्यांना सरकारांचंच पुरलं. चौथऱ्यावर नावावर सिमेंट, सिमेंटवर नाव, पुन्हा सिमेंट. दर राज्यात चौथरा जाडच होत गेला.

हे डोकी उतरवायचं आणि चढवायचं काम या घराकडे. आणि या घराची त्यात एक रीत होती, आजोबांपासूनची. डोकं उतरवायच्या आधी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं. खाली आणलं की मागच्या अंगणात भिंतीकडं तोंड करून ठेवायचं, वर पोतं. फोडायचं नाही. आणि उतरवलेलं डोकं पुन्हा कधीही वर चढवायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, असं का. दादा म्हणाले, "आजोबा सांगायचे, त्याला वरून खाली बघायची सवय लागलेली असते. ती मोडायला वेळ लागतो. कुणाकुणाची मोडतच नाही."

तर चष्मेवालेही गेले, नवे साहेब आले, आणि त्या मंगळवारी त्यांचं नवं डोकं फुटलं. पुतळ्याचं उद्घाटन रविवारी सकाळी. खाण कधीचीच बंद पडलेली, तसा दगड मिळणार कुठून?

"अध्यक्षांना सांगा," मी म्हटलं, "दगड आहे, फुटतो. फासावर देतील का?"

"मला नाही देणार," दादा म्हणाले. "पोराचं काय?"

पोरगा तेव्हा कोठडीत होता. का? तर चौकात एकटा पाटी घेऊन उभा राहिला. पाटीवर लिहिलेलं, 'डोकं नको, नळ द्या.' चांगलं लिहिलं होतं, अक्षरही बापासारखं रेखीव. पण नव्या राजवटीला नवा हुरूप. नगराध्यक्षांनी दादांना बोलावून सांगितलं, शनिवारी रात्री डोकं जागेवर दिसलं की पोरगा घरी येईल. नाही दिसलं तर सोमवारी त्याला वर पाठवतो, आणि एकदा वर गेला की माझ्या हातात काही नाही. वर म्हणजे कुठं, हे दादांनी विचारलं नाही. या घरानं एक माणूस असाच 'वर' घालवला होता.

मी शिडी घेतली, पण घरी जाऊन भिंतीपाशीच उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, बघत होतो. दादा उठले. पोत्याखालच्या डोक्यांपाशी गेले. सरकारांचं डोकं गाडीवरून पडून कधीच भंगलेलं. चष्मेवाल्यांचं सिमेंटचं, छिन्नी लावली की भुगा. राहिलं एकच. दादांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. मग पोतं काढलं आणि कप्तानाचं डोकं भिंतीकडून फिरवून स्वतःच्या समोर घेतलं.

मी भिंतीवरून म्हटलं, "दादा, नको."

"भाऊ, तू पत्रा ठोक जा," दादा म्हणाले.

टोपीचे केस केले. मिशी उडवली. गाल उतरवले, हनुवटी आत घेतली. चार दिवसांत कप्तानाच्या आतून नवे साहेब बाहेर आले, बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असे. तशी टोपी-मिशीमुळं चेहऱ्याला हवी तेवढी माया, म्हणजे जादा दगड, त्यात होतीच.

आता कप्तानाचं सांगतो. तुम्हाला पुस्तकात दोन ओळी आहेत. आमच्याकडं त्याच्या रात्री आहेत. रात्रीची घंटा झाली की कुणी बाहेर दिसायचं नाही. मग गस्त यायची. काठीनं दारावर दोनदा ठोकायची आणि बाहेरूनच विचारायची, "घरात किती?" घरातल्या कुणीतरी आकडा सांगायचा. तो दारावर खडूनं लिहायचा आणि पुढं जायचं. मनात आलं तर आत शिरून मोजायचे. आकडा चुकला की घरधन्याला घेऊन जायचे. आम्ही मुलं पाढ्यांच्या आधी घरातली माणसं मोजायला शिकलो.

आणि या घरात आकडा चुकला होता. दादा तेव्हा शाळकरी पोर. लांबच्या नात्यातला एक जण, बस चुकली म्हणून रात्रीपुरता आलेला, कोपऱ्यात पांघरूण घेऊन निजलेला. काठी वाजली. दादांच्या आईनं, म्हणजे परवा गेलेल्या म्हातारीनं, नेहमीसारखं सांगितलं, "तिघं." नवरा, ती आणि मुलगा. आत येऊन मोजले तर चार भरले. ती म्हणाली, "अहो, पाहुणा काय घरातला असतो का?" तिला खरंच तसंच वाटलं होतं. दादांच्या वडिलांना नेलं. ज्या माणसानं कप्तानाचं डोकं घडवलं, त्यालाच. अंगावरच्या सदऱ्यानिशी. चपला दाराशी तशाच राहिल्या. ते पुन्हा आले नाहीत.

हे सगळं दादांना माहीत नव्हतं का? पण पोटचं पोर कोठडीत असलं की माणूस आजोबांचं ऐकत नाही.

तर तो शनिवार. नोव्हेंबरचा दुसरा. चंद्र अर्धा होता, पण चंद्राची गरजच नव्हती, उद्घाटनासाठी चौकात आणि गल्लीत नवे दिवे लावलेले. रस्त्यात सांडलेली मोहरी वेचता आली असती. संध्याकाळी दादांनी साखळी-कप्पी लावून, हाताखाली माणसं घेऊन डोकं चढवलं. वर पांढरा कपडा टाकला. अध्यक्ष बघून गेले, मान हलवून गेले. आणि बोलल्याप्रमाणं रात्री पोरगा घरी आला.

मला चैन पडेना. निमित्त हवं होतं. शिडी होतीच. एवढ्या रात्री शिडी परत करायला कोण जातं? मी जातो.

वहिनींनी दार उघडलं. डोळे रडून सुजलेले, पण तोंडावर हसू. "या भावजी, तुमचीच कमी होती. शिडी दिवसा उचलत नाही वाटतं तुम्हाला?"

"दिवसा लोक बघतात, वहिनी," मी म्हटलं, "मला रेडिओ म्हणतात आधीच, उद्या चोर म्हणतील." पोरगा हसला. ताटावर बसला होता, हनुवटीवर निळा डाग, पण हसला. म्हातारी दाराजवळच्या खाटेवर. तिचं तेव्हा ध्यान-भान उरलं नव्हतं. कधी सुनेला आई म्हणायची, कधी नातवाला नवऱ्याच्या नावानं हाक मारायची. पण त्या रात्री तिनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आले सगळे घरी."

दादा मोरीत हात धूत होते. धूतच होते. दगडाची भुकटी जात नाही म्हणाले. मी जवळ गेलो.

"झालं ना दादा सगळं? आता जेवा."

"डोळे तेच ठेवले, भाऊ," ते हळूच म्हणाले. "वेळ नव्हता. म्हटलं डोळे काय, सगळ्या पुतळ्यांचे सारखेच असतात."

"असतातच."

"वर बसवल्यावर फडकं सोडलं." ते थांबले. तांब्यातलं पाणी तसंच सांडत होतं. "मी समोरच होतो, लाकडी घोड्यावर उभा. तोंडासमोर तोंड."

"मग?"

दादांनी तांब्या खाली ठेवला.

आणि तेव्हा ते ऐकू आलं.

ठक्. ठक्.

लांब. चौकाच्या बाजूला. लाकडावर काठी वाजते तसं.

पोरगा म्हणाला, "एवढ्या रात्री कोण?"

मोरीच्या दारात दादांचे हात तसेच ओले. मी दादांकडं बघितलं. दादांनी माझ्याकडं. आमच्या वयाच्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. अंगातलं हाडच ओळखतं.

ठक्. ठक्. आता गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी निवृत्त पोस्टमनचं घर.

"घरात किती?"

पुरुषाचा आवाज. मोठा नाही. रागाचा नाही. कंटाळलेला... रोजचंच काम असल्यासारखा.

आतून पोस्टमनचा आवाज आला, झोपेतला, पण ताबडतोब: "दोन!"

मग खडू घासल्याचा आवाज.

"बाबा, कोण आहे?" पोरगा उठायला लागला. दादांनी हातानं खाली बसवला. वहिनींनी पदर तोंडात धरलेला.

मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. सवयच ती. बाहेर लख्ख उजेड. गल्ली रिकामी. समोरच्या शिंप्याच्या दाराशी कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं. आणि दार वाजलं.

ठक्. ठक्.

"घरात किती?"

शिंप्याकडं एक वडील सोडले तर सगळी तरुण माणसं. त्यांना काय माहीत? कुणी बोलेना. पुन्हा काठी. पुन्हा प्रश्न, तसाच कंटाळलेला. मग शिंप्याचे वडील बोलले. लकव्यानं जीभ गेलेली, वर्षानुवर्षं ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ते. स्वच्छ आवाजात म्हणाले, "सहा."

आणि माझ्या डोळ्यांदेखत, त्या बंद दारावर, पांढरी रेघ उमटत गेली. हात नाही. खडू नाही. रेघ.

मी खिडकीपासून मागं सरलो.

मग माझं घर. कुलूप खडखडलं.

"घरात किती?"

माझ्या रिकाम्या घराला विचारत होता.

थांबला. उत्तर येईल म्हणून थांबला. आपण शेजारच्या घरात उभं राहून आपल्या घराला कुणी हाक मारलेली ऐकणं... ते नको रे. ते कुणाला नको.

खडू घासला. गोल.

आता हे दार.

दादांनी सगळ्यांना बोटानं खूण केली. गप्प. आणि एकदम त्यांना आठवलं. मला दिसलं त्यांच्या तोंडावर. ते खाटेकडं धावले, म्हातारीच्या तोंडावर हात ठेवायला.

ठक्. ठक्.

"घरात किती?"

"चौघं!"

म्हातारी म्हणाली. खणखणीत. तरण्या बाईचा आवाज. उठून बसली होती, पदर सारखा केला होता. दादांचा हात तिच्या तोंडाशी पोचलेलाच नव्हता.

बाहेर शांत.

मी इकडंतिकडं बघितलं. आपोआप मोजलं, लहानपणीसारखं. म्हातारी. वहिनी. पोरगा. दादा.

आणि मी.

म्हातारीनं घरातली माणसं सांगितली होती. पाहुणा काय घरातला असतो?

खडू वाजेना. आम्ही वाट बघत होतो खडू वाजायची. वाजेना.

मग तो आवाज, दाराला अगदी टेकून:

"बघू."

आतली कडी हलली. आतून लावलेली कडी. हळू... एका बाजूनं वर...

दादा उभे राहिले. इतके शांत उभे राहिले की मला आधी कळलंच नाही. आईपाशी वाकले आणि म्हणाले, "बरोबर सांगितलंस, आई. चारच."

"दादा," मी म्हटलं, "जादा मी आहे. मी जातो." म्हटलं खरं, पण माझ्या तोंडून आवाज आला की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"तू बस, भाऊ. डोकं मी फिरवलं भिंतीकडून." मग जरा हसले. "शिडी राहू दे इथंच."

पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "जेव तू."

वहिनी पुढं झाल्या. त्यांनी दादांच्या खांद्यावरचा टॉवेल घट्ट धरला. दादांनी एकेक बोट सोडवून तो काढून घेतला. "राहू दे," म्हणाले, "लागेल."

कडी त्यांनी स्वतःच काढली. दार उघडलं तेवढ्यात मला गल्ली दिसली. दिवे. रस्ता. कुणी नाही. दगडाच्या ओल्या भुकटीचा वास आला तेवढा. दादा बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

खडू वाजला.

मग काठी. चौकाकडं. ठक्... ठक्... दारांवर नाही. रस्त्यावर. लांब जात...

पुढच्या घरांना कुणी काही विचारलं नाही.

वहिनी आणि पोरगा दाराशी धावले. पोरगा चौकापर्यंत पळत गेला, सगळ्या गल्ल्या बघून आला. दादा नाहीत. चपला दाराशी होत्या.

सकाळी बँड आला. अध्यक्ष आले, दोरी ओढली, पांढरा कपडा खाली आला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. वर डोकं नव्हतं. नुसती मान आणि मानेतली खुंटी, आणि तो पुढे केलेला हात. कुणीतरी हसलं. मग तोही गप्प झाला.

डोकं कुठं होतं? या घराच्या मागच्या अंगणात. आपल्या जागी, भिंतीकडं तोंड करून, वर पोतं. चढवायला साखळी-कप्पी आणि माणसं लागली होती, आणि रात्रीतून ते एकटंच इथं येऊन बसलेलं. पोतं उचललं तर डोळ्यांवर टॉवेल बांधलेला. मागं गाठ. दादांची गाठ, दुसऱ्या कुणाला जमायची नाही तशी. तो टॉवेल आजवर कुणी सोडला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी रेडिओ आहे.

पोलीस आले, विहिरी बघितल्या, खाण बघितली. दादा मिळाले नाहीत. अध्यक्षांनी पोराचं नाव पुन्हा काढलं नाही. म्हणतात, त्यांच्याही दारावर आकडा होता. आणि चौकात तेव्हापासून अंग आहे, डोकं नाही, गावाचा कारभार मात्र तसाच चाललाय. नवं डोकं बसवायला एक पाथरवट मिळत नाही.

गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली दारं धुतली. माझ्या दारावरचं शून्य मीही धुतलं, पण त्या घरात रात्री निजायची हिंमत झाली नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पोरगा घाबरतो, इथंच निजत जा." घाबरत होतो मी, हे त्यांना कळत होतं. तेव्हापासून मी रात्री इथं.

आणि या दारावरचा आकडा धुतला तरी परत यायचा. काठी नाही, आवाज नाही. रात्री दार स्वच्छ, सकाळी चार. म्हातारी, वहिनी, पोरगा, मी. बरोबरच होतं ना. मध्ये पोरगा कामासाठी एक रात्र बाहेरगावी राहिला, तर सकाळी तीन. तो परत आला, पुन्हा चार. कुणीतरी आम्हाला रोज मोजत होतं, आणि चुकत नव्हतं. पहिले काही महिने मी उजाडायच्या आधीच उठून पुसायचो. मग सवय झाली. भीतीचीही होते.

परवा दुपारी म्हातारी गेली. झोपेतच गेली, त्रास नाही. संध्याकाळपर्यंत माणसं होती, मग गेली आपापल्या घरी. रात्री घरात तिघंच राहिलो. वहिनी, पोरगा आणि मी. कडी मी लावली. खोल्या मी बघितल्या, मोरी बघितली, मागचं अंगणही बत्ती घेऊन बघितलं. पोतं जागच्या जागी होतं.

काल सकाळी फडकं ओलं करून दाराशी आलो. मनात म्हटलं, आज तीन असणार. म्हातारीशिवायचा पहिला आकडा. पोराच्या नजरेला पडायच्या आत पुसून टाकावा.

चार होता.

रेघ नेहमीचीच. हात नेहमीचाच. चार.

मी पुन्हा मोजलं. आत वहिनी. आत पोरगा. मी इथं. आणि मग मला पाठीमागे बघवेना रे, घरात. दादा असतील तर... आणि दादा नसतील, तर मग कोण?

तेवढ्यात पावलं वाजली. वहिनी होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी आकडा बघितला. खूप वेळ. मी फडकं दारापर्यंत नेलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "राहू दे तो."

आणि आत जाऊन त्यांनी चहाला कप मांडले.

चार.